डावीकडचं वजन

१

दर शनिवारी संध्याकाळी पाचला सुकन्या बिराजदारच्या वर्कशॉपात विमानाचं वजन व्हायचं.

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याची एक लांबलचक शेड. पुढच्या अर्ध्या भागात यंत्रमागांचे मोडके भाग दुरुस्तीला यायचे, त्यावर घर चालायचं. मागच्या अर्ध्या भागात तीन वर्षांपासून सुकन्याचं विमान उभं राहत होतं, त्यावर आजूबाजूच्या कारखान्यांची करमणूक चालायची. चहाच्या गाड्यावर रोज कुणीतरी विचारायचंच, "काय ताई, मुंबईचं तिकीट काढायचं का?" सुकन्या त्रेचाळीस वर्षांची, तोंडानं फटकळ. "तुमचं वजन नाही उचलायचं ते," ती म्हणायची, "आधी पोट आत घ्या."

विमान सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचं. एकावर एक दोन लांब पंख, लाकडी फासळ्यांवर ताणून शिवलेलं कोरं सुती कापड, मध्ये तारांचं जाळं, मागे दोन लाकडी पंखे आणि ते फिरवायला साखळ्या. चालवणाऱ्यानं बसायचं नाही. खालच्या पंखावर पालथं पडायचं, डोकं पुढच्या काठाबाहेर काढून. उजव्या हाताला इंजिन. कमरेभोवती एक लाकडी चौकट, कंबर डावीकडे सरकवली की पंखांची टोकं पिळली जातात आणि विमान डावीकडे कलतं. हातात एक दांडा, पुढे ढकलला की नाक खाली, मागे ओढला की वर. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी असल्याच यंत्रावर उडून दाखवलं होतं, आणि सुकन्याला सगळ्यात आवडायचं ते हेच. सायकलवाले! म्हणजे आपल्यातलेच की.

भिंतीवर तिनं त्या काळातल्या उडणाऱ्यांचे फोटो लावले होते. टोप्या उलट्या घातलेले, मिशा पिळलेले, दोन-तीन बायकाही. धनाजीनं एकदा विचारलं होतं, "ताई, समदेच उडाले व्हय? कोन पडलं न्हाय?" "पडले की. ढिगानं पडले," ती म्हणाली होती. "पण पडणाऱ्याचा फोटो कोण काढतो?" बऱ्याच जणांचं तर नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही, आणि याचा तिला मनापासून राग यायचा.

वजनाचं कारण साधं होतं. इंजिन बेताचं. यंत्र आणि माणूस मिळून साडेतीनशे किलोच्या आत राहिले तर उडेल, वर गेलं तर माळावर नुसतं पळेल. आणि लाकूड-कापडाचं यंत्र म्हणजे चोरटी वस्तू. इथं वार्निशचा एक हात, तिथं चार स्क्रू, बघता बघता पाच किलो चढतात. म्हणून दोन चाकांखाली दोन आणि मागच्या टेकूखाली एक असे भुसार दुकानातले तीन इलेक्ट्रॉनिक काटे लागायचे. फिटर धनाजी आकडे वाचायचा, सुकन्याचे वडील शिवलिंगप्पा खडूनं भिंतीवर लिहायचे आणि सुकन्या बेरीज करायची. अप्पा शहात्तर वर्षांचे. विमानाची एकूण एक फासळी त्यांच्या रंध्याखालून गेलेली होती.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी बेरीज आली होती दोनशे एक्क्याऐंशी. दसऱ्यानंतरच्या शनिवारी धनाजी डाव्या काट्यापाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"वाच की," सुकन्या म्हणाली.

"एकशे अठ्ठावन, ताई."

"एकशे बारा असेल. चष्मा लाव."

"लावल्यालाच हाय की."

उजव्या काट्यावर सहा किलो जास्त, मागच्यावर सहा. बेरीज तीनशे एकोणचाळीस. सणाचा आठवडा, शेड बंद, सुकन्याच्या माहितीप्रमाणे विमानाला कुणी हातही लावला नव्हता, आणि ते अठ्ठावन्न किलोंनी वाढलं होतं.

२

सुकन्या यंत्रांच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. आधी तिनं काट्यांना बोल लावला. तिन्ही काट्यांवर एकेक करून सिमेंटचं पोतं ठेवलं, तिन्हींनी मुकाट पन्नास दाखवले. काट्यांची अदलाबदल केली. फरशीला पातळी लावली. मग लाकडाचा नंबर लागला.

"लाकूड ओल धरतं," ती म्हणाली.

"आक्टोबरात? सोलापुरात?" अप्पा म्हणाले. "हितं माणसात ओल राहत नाही, अव्वा." लेकीला ते कानडीतल्यासारखं अव्वाच म्हणायचे.

पंखाच्या पोकळीत उंदरांनी घर केलं असेल म्हणून खालच्या पंखाची शिवण एका बाजूनं उसवली. आत फासळ्या, धूळ आणि अप्पांची हरवलेली पेन्सिल. पुन्हा शिवताना तिला दिसलं की चालवणारा जिथं झोपतो तिथलं कापड सैल पडलंय. सगळीकडे ढोलकीसारखं ताठ, आणि तेवढ्याच जागी खोलगट. वर हात ठेवून तिनं अंदाज घेतला. पुढे दोन लहान खळगे, मध्ये एक पसरट, मागे दोन. कोपर, कोपर, कंबर, गुडघे.

तिची उंची पाच फूट एक. हे खळगे तिच्या कोपरांपासून गुडघ्यांपर्यंत मावत नव्हते, वीतभर पुढे जात होते. शिवाय ती या जागेवर उभ्या आयुष्यात चार वेळा झोपली असेल, तेही मापं घ्यायला.

तिनं मागवाले सुताला लावतात ती खळ आणली, कापडावर दोन हात दिले आणि पंखा लावून वाळवली. संध्याकाळी कापड बोटानं वाजवलं की टणटण बोलत होतं. सकाळी खळगे जिथल्या तिथं होते.

"कापडाचा दोष," ती म्हणाली. धनाजीनं मान हलवली, पण त्या बाजूनं तो नंतर फिरकला नाही. पाना लागला तर लांबून हात करून मागायचा.

३

मंगळवारी दुपारी साडेबाराला आजूबाजूचे माग जेवणासाठी थांबले. ज्याचं आयुष्य त्या खडखडाटात गेलंय त्याला ही अर्ध्या तासाची शांतता कानात बोळा घातल्यासारखी वाटते. पत्रे उन्हानं तडकत होते. धनाजी जेवायला बाहेर गेलेला, अप्पा घरी. सुकन्यानं विमानाशेजारी स्टुलावर बसून डबा उघडला, कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत घातली, आणि सहज तिची नजर डाव्या काट्याकडे गेली. काटे तिनं शनिवारपासून काढलेच नव्हते.

१५८.२. मग १५८.४. मग १५८.२.

तिनं उठून पंखा बंद केला. दार लावलं. परत येऊन बसली.

१५८.२. १५८.४.

तिनं घास गिळला नाही. सिमेंटच्या पोत्याचा आकडा एकदा बसला की गप्प बसतो, हे तिनं शनिवारीच डोळ्यांनी पाहिलं होतं. आकडा असा हलतो तो एकाच वेळी. काट्यावर जिवंत माणूस असतं तेव्हा.

ती आकड्याबरोबर मनात मोजू लागली. वर जायला दोन, खाली यायला दोन. मध्ये एकदा खूप वेळ खालीच राहिला, आणि मग एकदम ०.४ नं उसळला. थकलेला माणूस मध्येच एक मोठा श्वास घेतो, तसा. त्याच वेळी पंखाच्या फासळीतून बारीक करकर आली.

भीती वाटली का? वाटली. तोंडातला घास अजून तसाच होता, त्याला दुसरं काय म्हणायचं. पण भीतीच्या मागोमाग तिला भयंकर राग आला. तीन वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून एकेक ग्रॅम वाचवला होता. लोखंडी बोल्टाच्या जागी लाकडी खुंट्या मारल्या होत्या, स्वतः रात्रीचं जेवण सोडून साठाची चौपन्न झाली होती. आणि हा कोण फुकटचा येऊन तिच्या जागेवर पसरलाय?

"व्होल्टेज कमी-जास्त होतंय," ती मोठ्यानं म्हणाली. काटे बॅटरीवर चालत होते, हे तिला बोलतानाच आठवलं.

४

गुरुवारी अप्पांनी बातमी आणली. एका इंजिनिअरिंग कॉलेजला हे विमान हवं होतं. फाटकासमोर सिमेंटचा खांब उभारून त्यावर ते कायमचं बसवणार, खाली शिवलिंगप्पा बिराजदार आणि कन्या अशी पाटी. ट्रक सोमवारी सकाळी यायचा होता. अप्पांनी हो म्हणून टाकलं होतं.

"मला न विचारता?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग विचारायलाच हवं होतं ना!" सुकन्याचा आवाज पत्र्याला जाऊन लागला. "खांबावर ठेवायला केलंय का मी हे? वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा आहे का हा?"

"उडणारच नाही ते आता. तूच बेरीज कर की. तीनशे एकोणचाळीस आणि तुझे चौपन्न."

तीनशे त्र्याण्णव. बेरीज तिनं केलेलीच होती. पण अप्पा तिच्याकडे बघत नव्हते, रंध्याचं पातं उगाच पुसत होते, आणि तिला कळलं की कुठंतरी पाणी मुरतंय.

"अप्पा, काय केलंत?"

अप्पांनी पातं खाली ठेवलं. खंडेनवमीला सुकन्या आणि धनाजी उड्डाणासाठी ठरवलेला मंद्रूपच्या वाटेवरचा माळ बघायला गेले होते, दगड वेचून झाले की नाही ते पाहायला. शेजारच्या कारखान्यात अवजारांची पूजा सांगायला भटजी आले होते. अप्पांनी त्यांना इकडं बोलावलं. लेथची झाली, काट्यांची झाली, मग विमानाची. नवं वाहन म्हटल्यावर भटजी म्हणाले, चालवणाऱ्यालाही बसवा. तो हजर नाही? मग त्याच्या जागी सुपारी मांडा आणि नाव सांगा.

"मग?"

"सुपारी मांडली. तिथं," अप्पांनी पंखाकडे न बघता हात केला.

"आणि नाव?"

अप्पांनी पातं पुन्हा उचललं.

"माझं नाव सांगितलंत का नाही?"

"म्हटलं... जो कोणी चालवणारा असेल त्यानं येऊन बसावं."

शेजारी माग चालू होते, पण सुकन्याला काही ऐकू आलं नाही. भुताखेतावर तिचा विश्वास नव्हता. आत्ताही तिला वाटलं ते हेच, की आपल्या बापानं आपलं नाव घेतलं नाही. तीन वर्षं बरोबर राबला, फासळ्या तासल्या, आणि देवासमोर विचारल्यावर म्हणाला, जो कोणी.

"का, अप्पा?"

"नाव घेतलं की तू खरंच जाणार," अप्पा म्हणाले. "मला एकच पोरगी आहे."

तिनं पंखाकडे पाहिलं आणि विचारलं, "सुपारी कुठाय? अक्षता टाकून निरोप द्यायचा असतो ना तिला? देऊन टाकू."

आता अप्पांनी धनाजीकडे पाहिलं. धनाजी लेथच्या मागं उभा होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ताई," तो म्हणाला, "दसऱ्याला साफसफाई करताना तितं पडल्याली दिसली. मला काय ठावं, पूजेची हाय म्हून." त्यानं नजर लेथकडे वळवली. "म्या खाल्ली."

५

शनिवारी पाचला त्यांनी वजन केलं. तीनशे एकोणचाळीस. अप्पांनी खडू हातात धरला, पण लिहिलं नाही.

"धनाजी, डाव्या काट्याजवळ थांब," सुकन्या म्हणाली. तिनं केस वर बांधले, ओढणी कमरेला घट्ट आवळली, आणि ती खालच्या पंखाकडे निघाली.

"ब्याड, अव्वा," अप्पा म्हणाले. घाबरले की ते कानडीत जायचे. "नको. उद्या एक दिवस. सोमवारी ट्रक येतोय."

ती पंखावर चढली आणि पालथी पडली. चौकट कमरेत बसवली. कापड गार होतं, उजवीकडची एक पट्टी सोडली तर. इंजिन आणि तिच्या बरगड्या यांच्यामध्ये मोजून चार बोटांची जागा होती, तिनंच आखलेली. त्या चार बोटांत कुणीतरी होतं. धक्का नाही, स्पर्श नाही. गच्च भरलेल्या एसटीत शेजारचा माणूस अंग चोरून बसलेला असतो, तसली जाणीव. त्याची ऊब तिच्या दंडाला लागत होती. इंजिन चार दिवसांत सुरूच केलं नव्हतं.

"किती?" ती म्हणाली.

"द... दोनशे दोन," धनाजी म्हणाला. "ताई, उतरा."

तिनं मान उजवीकडे वळवली नाही. आपण वळवणार नाही, हे तिनं चढण्याआधीच ठरवलं होतं. समोरच्या भिंतीवरच्या टोप्यावाल्यांकडे बघत ती म्हणाली,

"सरक."

काही झालं नाही. पत्रा तडकला.

"तुला म्हणतेय मी. जागा माझी आहे. फासळी फासळी माझ्या बापानं तासलीय, टाका टाका मी घातलाय. तुला बोलावलं असेल, पण तू माझ्या जागेवर आलायस. सरक तिकडं."

लाकूड करकरलं. तिच्या बरगड्यांवरचा दाब किंचित, अगदी बोटभर, कमी झाला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो काटा अंगावर असतानाच ती हसली. अप्पांनी ते हसणं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

खाली उतरून तिनं धनाजीला सांगितलं, "सकाळी सहाला टेम्पो सांग. पंखांची टोकं सुटी कर."

"ताई, त्ये उडायचं न्हाय. तीनशे त्र्याण्णव!"

"नाही उडालं तर पळेल. पळालं तर पळालं. पण सोमवारच्या ट्रकात ते चढणार असेल तर एकदा माळ बघूनच चढेल."

६

माळाचा मालक धुळाप्पा, त्यानं मेंढरं लांब नेली होती. सकाळचे साडेसात, समोरून गार वारा, उजवीकडून कोवळं ऊन. कुसळी गवत सोनेरी झालं होतं. पंख जोडून, तारा ताणून झाल्या. धनाजीनं पंखे हातानं फिरवले आणि इंजिन दोनदा खोकून लागलं.

सुकन्या आपल्या जागेवर पालथी पडली. उजवा दंड लगेच उबला. आता तिकडं इंजिनही होतं, त्यामुळं कसली ऊब ते सांगता आलं नसतं, आणि तिला त्याचं बरंच वाटलं.

अप्पा डाव्या पंखाचं टोक धरायला उभे होते. पंख तोलून धरायला एक माणूस लागतोच, आणि ते काम त्यांनी धनाजीला करू दिलं नाही. निघायच्या आधी ते तिच्या डोक्याशी आले. खिशातून चार अक्षता काढल्या, तिच्या केसांवर टाकल्या, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "सुकन्या शिवलिंगप्पा बिराजदार!"

एवढंच. तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत, कारण दांडा सोडता येत नव्हता.

विमान पळू लागलं. अप्पा चार पावलं धावले, मागे राहिले. चाकं दगडांवरून उसळत होती, दात दातांवर आपटत होते. तीनशे त्र्याण्णव, ती मनात म्हणत होती, तीनशे त्र्याण्णव, उडायचं नाही. आणि मग समोरचा वारा पंखांखाली भरला आणि उसळणं थांबलं.

जमीन खाली गेली होती. कमरेएवढी, मग पुरुषभर. गवत तिच्या हनुवटीखालून वाहत होतं. ती ओरडली. शब्द कसला नव्हता, नुसती आरोळी होती, आणि आयुष्यात तिला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

ठरलं होतं दहा फूट, सरळ रेषेत, अर्धा मिनिट. तिनं डावीकडे खाली पाहिलं, उंचीचा अंदाज घ्यायला. ऊन उजवीकडून तिरपं येत होतं, त्यामुळं विमानाची सावली डावीकडे माळावर लांब पडून पळत होती. दोन पंख, मधल्या काठ्या, सगळं ओळीनं. पुढच्या पंखकाठाबाहेर तिच्या डोक्याची सावली. आणि तिच्याशेजारी आणखी एक डोकं.

तिनं मान हलवली. एक सावली हलली. दुसरी तशीच, पुढे बघत.

वारा आहे, तिनं स्वतःला बजावलं, इंजिनाची टाकी आहे ती. पण टाकी कुठं असते हे तिला माहीत होतं. आणि मग ते दुसरं डोकं हळूच वळलं. तिच्याकडे.

त्याच क्षणी दांडा तिच्या हातात मागे ओढला गेला.

नाक वर उठलं. दहाचे वीस झाले, तीस झाले. लांबवरचं लिंबाचं झाड खाली दिसू लागलं. तिनं दांडा पुढे रेटला, तो हलेना. तिच्या मुठींवर दुसऱ्या मुठी असाव्यात तसा तो घट्ट होता, आणि थरथरत होता. वेग कमी झाला. तारांची शीळ बसत चालली. पंखांतून एक मऊ, डळमळती हालचाल आली, जी तिनं आयुष्यात अनुभवली नव्हती पण शंभर वेळा वाचली होती. वेग संपला की पंख हवा सोडतात. मग यंत्र दगडासारखं पडतं.

आणि पडायला लागलं की नवखा माणूस काय करतो? दांडा वर ओढतो. जीव खाऊन वर ओढतो, आणि त्यानंच मरतो. त्या काळात कितीतरी जण असेच मेले. पहिल्यांदा ज्यानं खाली जाताना नाक आणखी खाली दाबलं, तोच सांगायला उरला.

शेजारचा तिला मारायला आला नव्हता. तो वर ओढत होता. तो तेवढंच करत होता, कधीपासून, कोण जाणे.

"खाली!" ती किंचाळली. "खाली घे, येड्या! वर नाही, खाली!"

मुठी सुटेनात. तिनं पायाच्या अंगठ्यानं इंजिनाची खटकी पाडली. आवाज गेला. त्या शांततेत कानाशी, अगदी कानाशी, श्वास ऐकू आला. दोन आत, दोन बाहेर, मग खूप वेळ काहीच नाही.

"तुला उतरता आलं नाही म्हणून मी मरायचं का?" ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. धनाजीनं पाना चुकीचा लावला की ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज. "मला येतं उतरायला. सोड. मी दाखवते."

आणि तिनं सगळ्या अंगानिशी दांडा पुढे लोटला.

७

जमीन समोरून वर आली. तारा शिटी घालू लागल्या, पंखांनी पुन्हा हवा धरली, आणि शेवटच्या पुरुषभर उंचीवर तिनं नाक अलगद सरळ केलं. या वेळी दांड्यावर दुसरा जोर नव्हता. पण तो दांडा तिनं एकटीनं धरला होता असंही तिला म्हणता आलं नसतं. चाकं टेकली, उसळली, टेकली. विमान गवतात घसटत जाऊन थांबलं.

ती पालथीच राहिली. हृदय कापडावर आपटत होतं. लांबून अप्पांची हाक येत होती, धनाजी पळत येत होता, पण अजून दोन शेतं लांब होता.

"आलो," ती म्हणाली. "उतर आता."

आधी काही नाही. मग उजवीकडची पट्टी, फासळी फासळी करत, हळूच वर आली. उठून बसताना खाट जशी कुरकुरते तेवढाच आवाज. तिनं मान वळवली नाही. नजर मात्र गवतावर होती, आणि पंखाच्या पुढे, सोनेरी कुसळीत, एक जागा दबली. मग एक पाऊल पुढे दुसरी. मग तिसरी, जरा वाकडी, खूप दिवस आजारी असलेला माणूस अंगणात पहिल्यांदा चालतो तशी. चौथ्या जागेशी उन्हात क्षणभर काहीतरी उभं होतं, उंच, हात अंगापासून लांब धरलेलं. वाऱ्यानं गवत सपाट केलं, उठवलं, आणि माळ रिकामा झाला.

सुकन्यानं कपाळ लाकडावर टेकलं. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. विमान तिच्याखाली हलकं झालं होतं. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच त्याच्यावर ती एकटी होती. खांबावर चढवायला येऊ दे म्हणावं कुणालाही. उद्या ट्रकसमोर ती आडवी पडणार होती.

"अव्वा!" अप्पा धापा टाकत येत होते. "लागलं का? कुठं लागलं का?"

"नाही अप्पा! बघितलंत ना? बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं," अप्पा म्हणाले. ते पंखाच्या टोकाला धरून उभे राहिले, रडत. धनाजी येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. कमरेची चौकट सोडायला सुकन्यानं हात मागे नेला.

तेव्हा उजवीकडचं कापड खाली गेलं.

फार नाही. आधीच्यापेक्षा कमीच. कुणीतरी लहानखुरं, हलकं, चाचपत, आधी एक कोपर मग दुसरं टेकवत, तिच्याशेजारी पालथं पडलं. इंजिन गार होत टिकटिकत होतं, आणि त्या टिकटिकीत श्वास येत होता, भराभर, घाबरलेल्या माणसाचा. दंडाला लागलेल्या उबेवरून तिला वाटलं, ही बाई असावी.

माळ समोर पसरला होता, अगदी मोकळा. त्या मोकळ्या गवताकडे बघताना सुकन्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पडलेल्यांची ही ओळ किती लांब असेल, याची.

तिनं चौकटीवरचा हात काढला आणि परत दांड्यावर ठेवला.

"धनाजी," ती म्हणाली, "टाकीत पेट्रोल किती राहिलंय?"